म्हातारीची साक्ष

कांद्याचं रोप वीतभर उंच झालं होतं आणि शेत अजून नांगरायचं होतं.

बारकी रोज सकाळी गाईची धार काढून परतताना रोपाच्या वाफ्यापाशी थांबायची. एखादं रोप हलकेच उपसून मुळं बघायची आणि परत खोचून ठेवायची. दाटीनं वाढलेल्या पाती आता एकमेकींवर रेलायला लागल्या होत्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर रोपं तिथल्या तिथे जून होऊन वाया गेली असती. बैल मात्र गोठ्यात आयते खाऊन खाऊन तुकतुकीत झाले होते.

बारकी ही घरची सून. लग्न होऊन आली तेव्हा अंगानं इतकी काटकुळी होती, की सासूनं दारातच तिला बारकी म्हटलं. पुढे दोन घागरी एकदम उचलण्याइतकी धडधाकट झाली तरी नाव तेच राहिलं. घरात ती, नवरा, सासू आणि शाळेत जाणारी एक मुलगी. आणि सध्या पुढच्या खोलीत मुक्कामाला असलेला धर्मप्रचारक.

नवरा कामाला मागे हटणारा माणूस नव्हता. पण आदल्या साली कांदा काढायच्या तोंडावर गारा पडल्या. सगळा मळा लगदा झाला. त्यानं कुणाला शिवी दिली नाही, कपाळावर हात मारला नाही. सडके कांदे वेचून बांधावर टाकले, हात धुतले आणि येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हापासून तो कामं करायचा, पण पाहुण्याच्या घरी केल्यासारखी.

अशात प्रचारक आला. सायकलच्या मागे कापडाची एक मोठी गुंडाळी बांधलेली, हाडकुळा, घोगऱ्या आवाजाचा माणूस. गावातल्या प्रार्थनाघराचा म्हातारा पाळक मुलाकडे राहायला गेल्यापासून त्याची जागा रिकामीच होती. आठवड्याला कुणीतरी दार उघडायचं, दोन गाणी व्हायची आणि लोक घरी जायचे. प्रचारकानं तिथे आपलं कापड भिंतीवर टांगलं. त्यावर रंगवलेली चित्रं होती : अनेक डोक्यांचे पशू, घोडे, कर्णे फुंकणारे देवदूत, पेटलेला समुद्र आणि पार उजव्या टोकाला उजेडाचं एक शहर. हातातल्या छडीनं तो एकेक चित्र दाखवायचा. युद्धं, भूकंप, साथी, गारा. हे झालं, हेही झालं. आता इथे आहोत आपण. छडी शहराच्या अगदी अलीकडे येऊन थांबायची.

"प्रभू येतोय. हा हंगाम पुरा होणार नाही," तो सांगायचा. तारीख कधी सांगायचा नाही. "शास्त्र वाचा. खुणा बघा. आणि तयार राहा."

गारांचं नाव निघालं तेव्हा बारकीच्या नवऱ्यानं मान वर केली. त्या रात्री तो प्रचारकाला घरी घेऊन आला आणि पुढची खोली त्याला दिली.

माणूस वाईट होता असं बारकीला कधीच म्हणता आलं नाही. तो कुणाकडून पैसा घेत नव्हता. अर्धे दिवस उपाशी असायचा. जेवला तर आपलं ताट आपण घासायचा, आणि ते इतकं लख्ख, की बारकीलाच लाज वाटायची. मुलगी त्याच्या कापडापाशी बसून विचारायची, "ह्या सात डोक्यांच्या प्राण्याची कुठली डोकी जेवतात?" तो गंभीरपणे विचार करायचा आणि म्हणायचा, "हे मला कुणी सांगितलेलं नाही."

एका सकाळी बारकी गोठ्यात नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, रोप जून व्हायला लागलंय. आज जुंपता का?"

त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "लावायचं कुणासाठी?"

"आपल्यासाठी."

"आपण नसणार काढणीला. कुणीच नसणार. तू ऐकतेस ना सगळं? का कानात बोळे घालून बसतेस तिथे?"

"ऐकते. पण नाही आला त्या आधी, तर खायचं काय?"

"हेच ते," तो शांतपणे म्हणाला. "हाच तो अविश्वास." आणि बैलांपुढे आणखी एक पेंढी टाकून निघून गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट, कित्येक महिन्यांत न दिसलेली एक विसावल्यासारखी कळा त्याच्या चेहऱ्यावर होती. बारकीला तिचीच जास्त भीती वाटली.

सासूचं दुखणं जुनं होतं. मागच्या हिवाळ्यात तिला खोकला लागला तो जाईना. अंग वाळलं, संध्याकाळी ताप, एकदा थुंकीत रक्त. तपासणीत क्षय निघाला. तालुक्याच्या दवाखान्यातली नर्सबाई गोळ्यांची पाकिटं आणून द्यायची आणि बजावून जायची, की अर्धं वर्ष एकही दिवस चुकवायचा नाही. घराच्या मागच्या बाजूला, पूर्वी अवजारं ठेवायची त्या खोलीत सासूची खाट टाकली होती. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण वेगळं. मुलगी दारात उभी राहूनच आजीशी बोलायची. गोळ्या लागू पडत होत्या. खोकला उतरला होता, गालफडं भरायला लागली होती.

त्या दिवसांतच प्रचारकानं आजाऱ्यांसाठी प्रार्थना ठेवली. सासूला बारकीच्या नवऱ्यानं हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. तिच्या शेजारची जागा आपोआप रिकामी झाली. लोक थोडे थोडे सरकले, कुणी खिडकीपाशी उभं राहिलं. सासू आपल्या हातांकडे बघत बसली.

प्रचारक आला आणि त्यानं दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. नुसते टेकवले नाहीत, चांगले दाबून ठेवले. मग खाली वाकून तिचा चेहरा ओंजळीत धरला आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ प्रार्थना केली. म्हातारी रडायला लागली. बारकीनं तिला सासरा गेल्यावरही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"काय वाटतंय, माई?" प्रचारकानं विचारलं.

"हलकं वाटतंय," सासू म्हणाली. "फार हलकं वाटतंय."

मंडळीत कुजबुज झाली, मग गाणं सुरू झालं. आणि खरंच, त्या साऱ्या वेळात म्हातारी एकदाही खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गोळ्यांची पाकिटं उचलून फळीवर, तेलाच्या डब्यामागे ठेवून दिली. "आता ह्यांची गरज नाही. प्रभूनं बरं केल्यावर गोळी घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं." त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मुलाकडे पाहिलं आणि मान हलवली.

नर्सबाई फेरीवर आली ती विहिरीवरच बारकीला भेटली. बातमी तिला रस्त्यातच कळली होती. ती चिडली नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून तिनं चपलेतला खडा काढला.

"प्रार्थना करू दे की. मीही करते," ती म्हणाली. "पण हे दुखणं मेल्याचं सोंग घेतं. मध्येच गोळ्या बंद केल्या की उठतं, आणि मग ह्या गोळ्यांना जुमानत नाही. घरात लहान पोर आहे तुझ्या. मी त्या म्हातारीच्या तोंडात बळजबरीनं गोळी कोंबू शकत नाही. तू काय ते बघ."

"मी काय बघू?"

"ते मला विचारू नकोस," नर्सबाई म्हणाली आणि सायकलवर बसून गेली.

बारकीनं भरलेली घागर परत कठड्यावर टेकवली. तिचा देवावर विश्वास होता. ती काही दिखाव्यापुरती प्रार्थनाघरात जाणारी बाई नव्हती. मुलीला लहानपणी घटसर्प झाला तेव्हा रात्रभर गुडघ्यांवर बसून तिनं देवाशी बोलणं केलं होतं, आणि मुलगी वाचली होती. तेव्हा इंजेक्शनही दिलं होतं. वाचवलं कुणी, हा प्रश्न तिला तेव्हा पडलाच नव्हता. आता तो पडला होता आणि सुटत नव्हता.

सासूला सकाळी घशासाठी आल्याचा आणि अडुळशाच्या पाल्याचा काढा लागायचा. काळाकुट्ट आणि कडूजहर. दुसऱ्या सकाळी बारकीनं चुलीपाशी पाठ करून बसून गोळ्या वाटल्या. लालसर भुकटी काढ्यात ढवळली. पेल्यावर हात धरून मनातल्या मनात ती दोन शब्द बोलली आणि काढा मागच्या खोलीत नेऊन दिला.

सासूनं एक घोट घेतला. तोंड कसनुसं केलं.

"आज कडू जास्त आहे," सासू म्हणाली.

"आलं जास्त पडलं असेल."

सासूनं उरलेला काढा डोळे मिटून संपवला आणि पेला परत दिला.

मग ते रोजचंच झालं. पाटा धुऊन टाकायचा, रिकामी पाकिटं चुलीत सारायची. नर्सबाई आली की विहिरीवर गाठून नवी पाकिटं घ्यायची. नर्सबाईही काही विचारायची नाही. पण बारकीची झोप उडाली. प्रार्थनाघरात बसलं की वाटायचं, छडी फिरत फिरत आता आपल्यापाशी येऊन थांबेल. मी देवाच्या नावावर चोरी करते आहे की देवाचंच काम करते आहे, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.

रात्रीची तळमळ दिवसा हातांत उतरली. एका सकाळी तिनं स्वतःच बैल जुंपले.

शेत रस्त्याला लागून होतं. नांगराचा फाळ पहिल्यांदा मातीत बसेना. बैल तिला ओळखत होते, पण चाऱ्यावाली म्हणून. ते सारखे मागे वळून बघायचे. नांगराचं पहिलं तास वेडंवाकडं ओढलं गेलं. रस्त्यानं जाणारे थांबले.

"घरधनी आजारी आहे का?" एकानं विचारलं.

"नाही."

"मग तुझ्यातच विश्वास कमी पडला म्हणायचा," दुसरा म्हणाला आणि हसले सगळे. हे लोक प्रचारकाचं ऐकायला यायचे खरे, पण त्यांची शेतं नांगरून झाली होती.

बारकीनं नांगराची मूठ दाबून धरली आणि बैलांना चुचकारलं. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले, खांदे भरून आले, पण तासं सरळ पडायला लागली. पुढे ढेकळं फोडली, वाफे पाडले, पाणी सोडून जमीन भिजवली. नवरा बांधावर येऊन उभा राहायचा, कधी काही बोलायला तोंड उघडायचा आणि परत जायचा. एकदा मात्र वाफ्याचं पाणी फुटलं तेव्हा तो खाली उतरला, फावड्यानं माती ओढली, फूट बंद केली, आणि आपण काय केलं हे कळल्यासारखा फावडं टाकून घाईघाईनं चालता झाला.

लावणीच्या दिवशी सासू काठी टेकत शेतावर आली.

"आई, तुम्ही कशाला आलात उन्हात?"

"मी बरी झालेय ना? मग बरं झालेलं माणूस खाटेवर काय करतं?" असं म्हणून ती बांधाच्या सावलीत बसली आणि रोपांच्या जुड्या करायला लागली. शेंडे खुडायची, मुळं जुळवायची आणि जुडी पुढे सरकवायची. बारकी चिखलात वाकून अंगठ्यानं एकेक रोप दाबत चालली होती. कंबर ताठली की उभी राहायची. दोघी फारसं बोलत नव्हत्या. मधूनच सासू म्हणायची, "ती ओळ दाट झाली," आणि बारकी मागे जाऊन विरळ करायची.

"आई, तुम्हाला काय वाटतं, येणार तो? हंगामाच्या आत?"

सासूनं एक जुडी बांधली. "माझ्या आजीच्या वेळी पण येणार होता. ती पांढरे कपडे शिवून बसली होती. त्याच कपड्यांत माझी आई नवरी झाली." थोडं थांबून म्हणाली, "येईल. पण मला विचारून नाही यायचा."

लावणी रोज थोडी थोडी पुढे सरकत होती आणि प्रार्थनाघरातली गर्दी वाढत होती. म्हातारीचा खोकला गेल्याची बातमी आसपासच्या वस्त्यांवर पोचली होती. प्रचारकानं मोठी सभा जाहीर केली. त्या सभेत माई साक्ष देणार होती. नवरा त्या दिवसाची वाट लहान मुलासारखा बघत होता. त्यानं प्रार्थनाघराच्या भिंतींना चुना दिला, मोडके बाक ठोकले. आपलं घर देवानं निवडलं आहे, गारांनंतर आपल्या वाट्याला हे आलं आहे, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. बारकीला ते दिसायचं आणि तिचा जीव गलबलायचा.

सभेच्या आदल्या दिवशी शिंप्याची बायको घरी आली. शिंपी साखरेच्या आजाराचा. रोज सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचून घ्यायचा. दृष्टी अधू झाल्यानं आता फक्त रफूची कामं करायचा. ती चुलीपाशी बसली, हळूच म्हणाली :

"एक विचारते, खरं सांग. तू घरातली आहेस म्हणून तुला विचारते. तुझ्या सासूनं गोळ्या सोडल्यात ना? पार सोडल्यात?"

बारकीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "का?"

"ह्यांनी ठरवलंय. उद्या म्हातारीची साक्ष ऐकायची, डोक्यावर हात ठेवून घ्यायचा आणि सुया ओढ्यात फेकून द्यायच्या. मी अडवून धरलंय. म्हटलं, आधी विचारून येते. तू हो म्हणालीस तर माझी काही हरकत नाही. मलाही टोचून टोचून कंटाळा आलाय त्यांना."

हो म्हणणं शक्य नव्हतं. नाही म्हणावं तर नवऱ्याची, सासूची, साऱ्या घराची अब्रू त्या बाईच्या तोंडून गावभर गेली असती.

"उद्यापर्यंत थांब," ती शेवटी म्हणाली. "तोवर काही बंद करू नका. माझी शपथ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काढा केला, पण गोळ्या वाटल्या नाहीत. काढ्याचा पेला एका हातात आणि पाकीट दुसऱ्या हातात घेऊन ती मागच्या खोलीत गेली. सासू खाटेवर बसून केस विंचरत होती. बारकीनं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासूनचं सगळं.

सासूनं फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अगं, त्या गोळ्या पोटात गेल्या की लघवी लालभडक होते. पहिल्या खेपेला मी घाबरले होते, तेव्हा नर्सबाईनंच सांगितलं होतं. गोळ्या बंद झाल्या तशी स्वच्छ झाली. आणि तुझा काढा कडू झाला त्या दिवसापासून परत लाल. म्हातारी झाले म्हणून काय खुळी झाले?"

बारकीनं पेला खाली ठेवला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बोलले असते तर तू बंद केलं असतंस, नाहीतर त्याला कळलं असतं. त्याचं तोंड बघितलंस का इतक्यात? किती दिवसांनी माणसात आलाय तो." सासूनं फणी बाजूला ठेवली. "आणि दुसरंही आहे. त्या दिवशी प्रचारकानं माझं तोंड हातात धरलं ना, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. ते खोटं नव्हतं. आजार लागल्यापासून कुणी मला शिवलं नव्हतं, बारके. माझं ताट तुम्ही काठीनं सरकवल्यासारखं सरकवता. नर्सबाई कधीच म्हणाली होती, आता हिच्यापासून कुणाला लागत नाही, जवळ बसत जा. तुझ्यासमोरच म्हणाली होती."

ते खरं होतं. नर्सबाई म्हणाली होती, बारकीनं ऐकलंही होतं, आणि मुलीच्या भीतीनं मागची खोली तशीच राहू दिली होती. मग ती सवयच होऊन गेली. बारकीनं पदर डोळ्यांना लावला.

"रडू नकोस," सासू म्हणाली. "रोज सकाळी उठून पाट्यावर वाटत होतीस, तेही मला ऐकू येत होतं."

मग बारकीनं शिंप्याचं सांगितलं. पाकिटातून सासूनं एक गोळी काढली, तळहातावर ठेवून बघितली, मग तोंडात टाकून वर काढा प्याली.

"चल," ती म्हणाली. "मला नीट केस बांधून दे. साक्ष द्यायची आहे."

बारकी तिच्यामागे खाटेवर बसली आणि पांढऱ्या केसांची वेणी घालायला लागली. सासूचं डोकं तिच्या हातांत लहान पोरीसारखं हलकं लागलं.

प्रार्थनाघर शिगोशीग भरलं होतं. खिडक्यांतही माणसं होती. पुढच्या बाकावर शिंपी बसला होता, मांडीवर सुयांची डबी. प्रचारकाचा आवाज त्या दिवशी बसलाच होता. त्यानं थोडक्यात आटोपलं आणि म्हणाला, "माझ्या बोलण्यापेक्षा माईंचं ऐका."

सासू उभी राहिली. बारकीच्या नवऱ्यानं पुढे होऊन आधार द्यायला हात केला, तिनं तो धरला.

"प्रभूनं मला बरं केलं," ती म्हणाली. मंडळीतून हुंकार उठला. तिनं हात वर केला. "थांबा. सगळं ऐका. ह्या भावानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या मनावरचं ओझं उतरलं. ते माझं मला ठाऊक. आणि माझ्या सुनेनं रोज गोळ्या वाटून काढ्यातून दिल्या. मी त्या जाणूनबुजून प्याले. आज सकाळी पण घेतली. सुनेला मी सांगितलं नाही आणि मुलापासून लपवलं, हे माझं चुकलं. माझं बघून कुणी औषध बंद करणार असेल, तर माझं बघून करू नका. माझं बंद नव्हतं."

एवढं बोलून ती खाली बसली. मागे एक मूल रडत होतं, त्याला आईनं बाहेर नेलं. बारकी नवऱ्याकडे बघत होती. तो आईच्या बाजूला उभाच होता, हात अजून तिच्या हातात. मग त्यानं तो सोडवून घेतला आणि बाजूच्या दारानं बाहेर निघून गेला.

प्रचारक पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"माई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात हलकं वाटतंय. ते खोटं होतं का?"

"नाही, बाबा. ते खरं होतं. अजूनही खरं आहे."

"मी तुम्हाला गोळ्या सोडा म्हटलं नव्हतं," तो हळू म्हणाला, मग स्वतःच मान हलवली. "पण सोडल्या असं ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता." त्यानं मंडळीला प्रार्थना करायला सांगितलं आणि ती कुणीतरी दुसऱ्यानंच केली. लोक पांगताना कुणी बारकीला ढोंगी म्हटलं, कुणी म्हातारीला. शिंप्याची बायको जवळून गेली. सुयांची डबी तिनं नवऱ्याच्या मांडीवरून उचलून आपल्या पिशवीत टाकली होती.

संध्याकाळी प्रचारक प्रार्थनाघरातलं कापड काढून गुंडाळायला लागला. बारकीनं एक टोक धरलं, नाहीतर ते जमिनीवर लोळलं असतं.

"ताई, काढा देताना तुम्ही प्रार्थना करत होता का?" त्यानं विचारलं.

"रोज."

"काय म्हणायचात?"

"उलटी होऊ देऊ नकोस."

प्रचारक हसला. त्या गावात तो पहिल्यांदाच हसला असेल. मग कापडावरच्या घोड्यांवरून हात फिरवला. "माझ्या मुलीला आम्ही सगळी औषधं दिली होती," तो म्हणाला. "काहीच चुकवलं नव्हतं. तरी गेली. त्यानंतर मला औषधाचं नाव नको झालं. मला वाटलं, तो विश्वास आहे." त्यानं दोरी आवळली. "पण तो येणार आहे, ताई. त्यात माझा बदल नाही."

"मी कुठे नाही म्हणते," बारकी म्हणाली.

सकाळी जाताना तो मागच्या खोलीत गेला, म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सायकल काढली. पुढच्या गावी तो काय सांगत असेल, गोळ्यांबद्दल काही बोलत असेल की नाही, हे बारकीला कधी कळलं नाही. ती अधूनमधून विचार मात्र करायची.

नवऱ्यानं बोलणं टाकलं. आईशी कामापुरतं, बारकीशी तेवढंही नाही. एकदा फक्त ताटावरून उठता उठता म्हणाला, "मला माझ्याच घरात खुळा बनवलंत दोघींनी." तसं बनवलं होतंच. "हो," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही." तो भांडायला काही न उरल्यासारखा बाहेर गेला.

सासूची खाट आतल्या खोलीत आली. मुलगी पहिल्या रात्री लाजली, मग आजीच्या कुशीत शिरली ती सकाळपर्यंत हलली नाही. पुढे औषधाचं अर्धं वर्ष पुरं झालं तेव्हा नर्सबाईनं तपासणी करून घेतली. दुखणं निघालं नाही. म्हातारीनं त्या दिवशी देवाचे आभार मानले, आणि नर्सबाईला एक कोंबडी दिली.

सभेनंतरच्या त्या आठवड्यात लावणी अजून अर्धीच झाली होती. उरलेली रोपं जून व्हायला लागली होती, तरी काही जमिनीला लागतील अशा आशेनं बारकी एकटीच रोज दोन वाफे उरकायची. सासूला सभेनंतर थकवा आला होता, म्हणून ती घरीच होती. एका दुपारी बारकीला वाफ्यात दुसरी सावली दिसली. नवरा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. त्यानं जुडी उचलली, पलीकडच्या कडेनं वाकला आणि लावायला लागला. त्याचा हात तिच्यापेक्षा चपळ होता. दोघं दोन कडांनी मध्याकडे सरकत होती. ऊन पाठीवर होतं, पायाखालचा चिखल कोमट झाला होता.

ओळीच्या शेवटी तो थांबला. बोलला तेव्हा आवाज खरखरीत होता, न वापरल्यामुळे.

"मी अजून मानतो. येणार आहे तो."

"मीही मानते."

"आणि आपण असे चिखलात लडबडलेले असताना आला तर?"

बारकीनं पाठ सरळ केली. कोपरापर्यंत बरबटलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे.

"हात धुवायला वेळ देईल की," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलेला, एवढा तरी थांबेल."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, तेवढंच. मग त्यानं पुढची जुडी सोडवली, अर्धी तिच्याकडे दिली आणि दोघं पुढच्या वाफ्याला लागली.